गर्भजल तपासणी: सुई टोचण्याआधी, टोचताना आणि पुढचे पंधरा दिवस

सोळाव्या आठवड्यात व्हायला हवी ती तपासणी एकविसाव्या आठवड्यात सुचते. नवऱ्याचा रक्ताचा अहवाल घरीच राहतो. निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला द्यायचं इंजेक्शन कुणाच्या लक्षातच राहत नाही. अंगावरून पाणी जायला लागलं की ‘थांबेल आपोआप’ म्हणून दोन दिवस काढले जातात. गर्भजल तपासणीत, म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढण्याच्या अ‍ॅम्निओसेंटेसिसमध्ये, टाळता येण्यासारखं नुकसान बहुतेक वेळा अशा चुकांतून होतं. सगळ्यांची भीती मात्र सुईभोवतीच असते. सुई आत असते जेमतेम एक-दोन मिनिटं. तिच्या आधीचे चार आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे नीट सांभाळले, तर धोका बराच कमी होतो.

खाली दिलेला क्रम जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या जोडप्यांसाठी आहे. इथे या तपासणीची दोन कारणं जास्त दिसतात: नवरा-बायको दोघंही सिकलसेल या अनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक (दोष अंगात असून स्वतः आजारी नसणारे) असणं, किंवा आईच्या रक्ताच्या डबल मार्करसारख्या तपासणीत ‘धोका जास्त’ असा शेरा येणं.

१. तपासणी कशासाठी, ते आधी ठरवा

डबल मार्कर, क्वाड्रपल मार्कर आणि एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी) या चाळणीच्या तपासण्या आहेत. बाळात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा (पेशीतल्या आनुवंशिक धाग्यांचा) दोष असण्याची त्या फक्त शक्यता सांगतात. ‘१:१००’ आलं याचा अर्थ तशा शंभर गर्भांत एकाला तो दोष असू शकतो आणि नव्व्याण्णवांना नसतो. मार्करचा कागद हातात पडला की घरात रडारड सुरू होते, पण त्या कागदावर निदान लिहिलेलं नसतं. निदानासाठी बाळाच्या पेशी लागतात आणि त्या गर्भजलातून मिळतात.

सिकलसेलचं गणित वेगळं आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. हे प्रमाण दर वेळी नव्यानं लागू होतं. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब सातपुड्याच्या पाड्यांवर आणि शहरातही ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे.

दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा) अहवाल पूर्ण नॉर्मल असेल, तर सिकलसेलसाठी गर्भजल काढायची गरज नाही. विनाकारण सुई टोचून घेऊ नका.

आता धोक्याचे आकडे. अनुभवी हातांनी, सोनोग्राफीत सतत सुई बघत केलेल्या तपासणीमुळे जास्तीचे गर्भपात हजारात साधारण १ ते ३ होतात. समुपदेशनात ‘दोनशेत एकापेक्षा कमी’ असंही सांगतात. ‘जास्तीचे’ म्हणायचं कारण असं की तपासणी न केलेलेही काही गर्भ याच आठवड्यांत जातात. थोडं पाणी झिरपण्याचा त्रास शंभरात एक-दोघींना होतो आणि बहुतेकींचा आपोआप थांबतो. गर्भाशयात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण हजारात एकाहून कमी आहे. सुई बाळाला लागणं फारच दुर्मीळ आहे, कारण सुईचं टोक पूर्ण वेळ पडद्यावर दिसत असतं. जुळं असेल तर धोका वाढतो, शंभरात एकाच्या आसपास जातो.

हे आकडे आपल्या कारणाशेजारी ठेवून बघा. सिकलसेल वाहक जोडप्यात हजारांमागे २५० बाळं आजारी असण्याची शक्यता असते. मार्कर १:२५० असेल तर हजारांमागे ४. पहिल्या प्रसंगी तपासणीचं पारडं सरळच जड आहे. दुसऱ्या प्रसंगी आधी तज्ज्ञाकडून नीट सोनोग्राफी किंवा एनआयपीटी करून मग ठरवलं तरी चालतं, आमच्या मते बहुतेकदा तसंच करावं. मात्र सोनोग्राफीतच बाळात व्यंग दिसलं असेल तर एनआयपीटीमध्ये वेळ घालवू नये, थेट गर्भजल तपासावं.

*सावध: अहवाल वाईट आला तर काय करायचं, यावर नवरा-बायकोनं आधीच बोलून घ्या. ‘काहीही आलं तरी गर्भ ठेवायचाच’ असं ठरलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. जन्माच्या तयारीसाठी काही जोडपी तरीही तपासणी करतात, काही करत नाहीत. दोन्ही निर्णय योग्य आहेत.*

२. आठवडे मोजा आणि तारखा उलट्या बाजूनं लावा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, ‘दिवस राहिले’ असं वाटल्यापासून नव्हे. पाळी अनियमित असेल, तारीख आठवत नसेल किंवा अंगावर दूध असतानाच दिवस गेले असतील, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरायची. ती सोनोग्राफी केलीच नसेल तर सगळा हिशेब ढिला होतो.

गर्भजल तपासणी १५ आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात. त्याआधी केली तर गर्भपाताचं प्रमाण वाढतं आणि बाळाचे पाय वाकडे असण्याची शक्यताही वाढते. शिवाय गर्भाभोवतीचे दोन पडदे तोवर एकमेकांना नीट चिकटलेले नसतात, त्यामुळे सुईपुढे पडदा तंबूसारखा ताणला जातो आणि पाणी येत नाही. सोयीचा काळ १६ ते १८ आठवड्यांचा.

उदाहरण घ्या. शेवटची पाळी १ जूनला आली. १५ आठवडे १४ सप्टेंबरला पूर्ण होतात, १६ आठवडे २१ सप्टेंबरला, २० आठवडे १९ ऑक्टोबरला आणि २४ आठवडे १६ नोव्हेंबरला. गुणसूत्रांच्या पूर्ण तपासणीला पेशी वाढवाव्या लागतात, त्यात दोन ते तीन आठवडे जातात. २१ सप्टेंबरला पाणी काढलं तर अहवाल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हाती येतो आणि विचार करायला वेळ उरतो. तीच तपासणी २० ऑक्टोबरला केली तर अहवाल नोव्हेंबर उजाडल्यावर येतो. मध्ये दिवाळी, लॅबला सुट्ट्या, शेतात कापसाची वेचणी, आणि नंदुरबारकडची कुटुंबं तोवर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघालेली.

गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. म्हणून तारखा शेवटाकडून मागे लावा: निर्णयाला एक आठवडा, अहवालाला तीन आठवडे, आणि पहिल्यांदा नमुना वाढला नाही तर पुन्हा करायला जागा.

*तपासून घ्या: घरच्या कॅलेंडरवर १५, १६, २० आणि २४ आठवडे पूर्ण होण्याच्या तारखा लिहिल्या का? पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये आहे का?*

दोघं वाहक आहेत हे आधीच माहीत असेल, तर गर्भजलासाठी सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायलाच हवं असं नाही. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन तीच डीएनए तपासणी होते. अनुभवी हातांत त्याचा धोका जवळपास तेवढाच असतो आणि निर्णय महिनाभर आधी घेता येतो. ही सोय मोजक्या केंद्रांत आहे, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच विचारणा करा.

३. रक्ताचे अहवाल: दोघांचे

या पायरीवर घाई नको. इथे राहिलेली त्रुटी पुढे सुईनं भरून निघत नाही.

गावपातळीवर सिकलसेलसाठी जी झटपट तपासणी होते, ती सोल्युबिलिटी. तिच्यात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. आणि नवऱ्याची सोल्युबिलिटी ‘निगेटिव्ह’ आली तरी तो बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आणखी एका अनुवंशिक आजाराचा) वाहक असू शकतो. बायको सिकल वाहक आणि नवरा थॅलेसेमिया वाहक असेल, तर बाळाला दोन्हींचा मिळून होणारा आजार २५ टक्के शक्यतेनं होतो आणि तोही गंभीर असू शकतो. म्हणून दोघांचीही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी हवीच. सिंधी, पंजाबी अशा ज्या समाजांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आढळतं, तिथे तर पहिल्या भेटीतच करून घ्यावी.

मागच्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीचा अहवाल फसवा येतो, कारण त्यात रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. हे लॅबला सांगा. बाईच्या अंगात लोह फार कमी असेल तर थॅलेसेमिया वाहकपण लपू शकतं. अहवाल ‘सीमेवर’ असेल तर डॉक्टर डीएनए तपासणी सांगतात, ती टाळू नका.

सिकलसेलचा जनुकदोष एकच ठरावीक आहे, त्यामुळे लॅबला तो शोधायला वेळ लागत नाही. थॅलेसेमियाचे दोष अनेक प्रकारचे असतात. आई-बापांत नेमका कोणता आहे ते आधी माहीत असल्याशिवाय बाळाच्या पेशींत तो शोधणं अवघड जातं. ते काम गर्भ राहण्याआधी झालं तर उत्तम, नाहीतर बाराव्या आठवड्यापर्यंत तरी व्हायला हवं.

आईच्या इतर तपासण्या: रक्तगट आरएचसह (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. आरएच निगेटिव्ह असेल तर इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत का ते बघणारी) आणि नवऱ्याचा रक्तगट. एचआयव्ही असेल तर गोळ्या नियमित चालू असणं आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण न मोजता येण्याइतकं खाली असणं गरजेचं आहे. त्याआधी सुई टाळतात, कारण विषाणू बाळापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. हिपॅटायटिस बी असेल तरीही आधी विषाणूंचं प्रमाण बघून ठरवतात.

*सावध: बायकोचा अहवाल आला आणि नवरा ‘नंतर बघू’ म्हणाला, की दोन-तीन आठवडे सहज जातात. रक्त एकाच दिवशी दोघांचं द्या.*

सिकलसेल तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत होते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात सिकलसेल समन्वयकांकडे चौकशी केली की पुढचा रस्ता कळतो.

४. केंद्र निवडताना

ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात होत नाही. नंदुरबार-नवापूरकडून लोक सुरत गाठतात, धुळ्याहून नाशिक, जळगाव-भुसावळहून मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या गर्भनिदानासाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था ही सरकारी संशोधन संस्था आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आधी दाखवून तिथूनच चिठ्ठी घेतलेली बरी. परत आल्यावर काही त्रास झाला तर कागद ओळखीच्या दवाखान्यात असतात.

फोनवरच विचारून घ्या: केंद्र गर्भनिदान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का? सुई कोण टोचणार, आणि ते डॉक्टर हे काम नेहमी करतात का? सुई आत असताना सोनोग्राफी सतत चालू असते का? एका बैठकीत जास्तीत जास्त किती वेळा टोचतात? बरोबर उत्तर ‘दोनदा’. दोनदा टोचूनही पाणी आलं नाही तर थांबून काही दिवसांनी पुन्हा बोलावणारे किंवा मोठ्या केंद्रात पाठवणारे डॉक्टर निवडा, कारण टोचण्याची संख्या वाढली की धोका वाढतो. शेवटचा प्रश्न: नमुना कोणत्या लॅबला जातो आणि कोणत्या वारी स्वीकारतात?

*सावध: ‘मुलगा की मुलगी तेही कळेल’ असं कुणी सुचवलं, तर तिथून उठा. तो गुन्हा आहे.*

५. संमतीचे कागद

गर्भनिदान कायद्यात सुई टोचून करायच्या तपासणीसाठी ‘फॉर्म जी’ भरावा लागतो. त्यात तपासणीची माहिती, धोके आणि बाईची लेखी संमती असते. मजकूर तिला समजणाऱ्या भाषेत हवा. मराठी वाचता येत नसेल, घरी पावरी किंवा भिली बोलत असतील, तर तिच्या भाषेत समजावून सांगणारं माणूस सोबत न्या. सही किंवा अंगठा तिचाच. त्या संमतीची प्रत तिला मिळायला हवी, ती मागून घ्या आणि फाइलला लावा.

कारणंही कायद्यानं ठरवून दिली आहेत: वय ३५ च्या वर, आधी दोन किंवा जास्त गर्भपात, घातक औषध, किरण किंवा संसर्गाशी संपर्क, घराण्यात अनुवंशिक आजार वा अपंगत्व. म्हणून आधीच्या आजारी मुलाचा अहवाल, सिकलसेल कार्ड, मार्करचा निकाल यांच्या प्रती सोबत ठेवा. कारण कागदावर दाखवता आलं नाही तर केंद्र तपासणी करणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

बाळाचं लिंग सांगणं हा डॉक्टरांचा गुन्हा आहे, तसा विचारणाऱ्या नातेवाइकांचाही. अशा नातेवाइकांना पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सासर-माहेरच्या मंडळींना हे घरीच सांगून ठेवा.

६. आदल्या दिवशी

उपाशी राहायचं नाही. भाकरी-भाजी, वरण-भात, जे रोजचं ते हलकं खाऊन जा. पाणी भरपूर प्या. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा तर जास्तच.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या. हिपॅरिनचं इंजेक्शन कधी थांबवायचं ते तेच सांगतील. अ‍ॅस्पिरिनही मनानं बंद करू नका.

ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा पोटाच्या कातडीवर गळू-पुरळ असेल, तर निघण्याआधी फोन करा. तपासणी चार-आठ दिवस पुढे जाते, एवढंच. इतक्या लांबून आलो म्हणून ताप लपवणं फार धोक्याचं आहे.

फाइलमध्ये हवं: दोघांची आधार कार्डं, पहिली सोनोग्राफी, दोघांचे एचपीएलसी अहवाल, आईचा रक्तगट आणि इतर रक्त-अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, माता-बाल संरक्षण कार्ड.

नवऱ्यानं सोबत जाणं गरजेचंच आहे, निव्वळ सोबतीसाठी नव्हे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या तपासणीत आई-बापांचं रक्तही गर्भजलासोबत लॅबला जातं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली. नवरा नसेल तर नमुना तसाच अडून राहतो.

रात्री मुक्कामाची सोय करून ठेवा. प्रवासानं गर्भ जातो असं नाही, पण पहिली रात्र मोठ्या दवाखान्याजवळ काढलेली चांगली.

७. टेबलावर

लघवी करून यायला सांगतात. आधी दहा-पंधरा मिनिटं सोनोग्राफी होते: बाळ एक की दोन, ठोके, आठवडे, वार कुठे लागली आहे, पाण्याचा मोकळा कप्पा कुठे आहे. जमेल तिथे वार टाळून वाट निवडतात. वार पुढेच पसरलेली असेल तर तिच्या पातळ भागातून जावं लागतं, तेही चालतं.

पोट जंतुनाशकानं पुसतात. सोनोग्राफीच्या दांड्यावर निर्जंतुक आवरण असावं आणि जेलही निर्जंतुक असावं. नेहमीच्या बाटलीतली जेल टोचायच्या जागी लावत असतील तर विचारायला संकोच करू नका.

सुई २० ते २२ गेजची, लांब पण बारीक. कातडीला इंजेक्शनइतकंच दुखतं. भूल देण्याची सहसा गरज नसते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना पोटात आवळल्यासारखं, पाळीच्या कळेसारखं वाटतं. त्या क्षणी श्वास रोखून पोट ताठ करणं ही हमखास चूक आहे. हळूहळू श्वास सोडत राहा, हात छातीवर किंवा डोक्याखाली ठेवा, पोटाकडे नेऊ नका.

पहिलं एक-दोन मिली पाणी वेगळं काढतात, कारण सुईच्या वाटेवर आईच्या पेशी लागलेल्या असतात. त्या बाळाच्या पेशींत मिसळल्या तर लॅब आईचाच अहवाल बाळाचा म्हणून वाचू शकते. मग दुसऱ्या सिरिंजमध्ये १५ ते २० मिली घेतात, ढोबळमानानं जितके आठवडे तितके मिली. चांगलं पाणी फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं. सोळाव्या आठवड्यात बाळाभोवती साधारण दोनशे मिली पाणी असतं, काढलेलं दिवसाभरात भरून निघतं. बाळ कोरडं पडत नाही.

सुई निघाली की बाळाचे ठोके पडद्यावर दाखवतात. ते स्वतः बघा. मग अर्धा-एक तास तिथेच बसवून ठेवतात.

*तपासून घ्या: पाण्याचा रंग कसा होता, किती वेळा टोचलं, आणि ठोके दिसल्याची नोंद कागदावर आहे का? पाणी लालसर किंवा तपकिरी असेल तर तेही लिहून घ्या, पुढे अहवाल अडला तर कारण शोधायला उपयोगी पडतं.*

८. नमुना लॅबपर्यंत

ट्यूबवर नाव, तारीख आणि वेळ तुमच्यासमोर लिहिली जावी. त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या दोन बायका एका दिवशी असू शकतात, म्हणून पूर्ण नाव हवं, नवऱ्याच्या नावासह.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पेशी जिवंत पोहोचल्या पाहिजेत. नमुना साध्या खोलीच्या तापमानात, शक्यतो २४ तासांच्या आत लॅबला जावा. बर्फात गोठवला तर पेशी मरतात. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवला तरी मरतात. उन्हाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, गारव्यासाठी जेलपॅक असेल तर कापडात गुंडाळून बाजूला, ट्यूबला थेट चिकटवून नको. शनिवारी संध्याकाळी कुरिअरला दिलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो, म्हणून सोमवार ते गुरुवार यातला दिवस धरा.

लॅबच्या अर्जावर तपासणीचं कारण स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘दोघं सिकल वाहक’ असं लिहिलं नाही, तर लॅब गुणसूत्रं तपासून ‘नॉर्मल’ म्हणून मोकळी होईल. गुणसूत्रांच्या तपासणीत सिकलसेल दिसत नाही. ही चूक होते, आणि कळते ती बाळ जन्मल्यावर. अर्ज स्वतः वाचा.

९. रक्तगट निगेटिव्ह असेल तर

सुईमुळे बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि ती बाळाच्या रक्तपेशी फोडतात. त्याचा मोठा फटका पुढच्या गर्भांना बसतो. उपाय एकच: ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन. आपल्याकडे सहसा ३०० मायक्रोग्रॅमचं मिळतं.

ते तपासणीच्याच दिवशी, तिथेच घेऊन टाका. ‘गावी जाऊन घेऊ’ म्हटलं की तालुक्याच्या दुकानात ते नसतं, जिल्ह्यातून मागवावं लागतं आणि तीन दिवस निघून जातात. औषध २ ते ८ अंशांत थंड राहायला हवं. पिशवीतून गरम होऊन आलेलं उपयोगाचं नाही. घेतल्याची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. अठ्ठाविसाव्या आठवड्याचं आणि बाळंतपणानंतरचं इंजेक्शन यामुळे रद्द होत नाही.

१०. घरी आल्यावर

अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही. तसं केल्यानं गर्भपात टळतो असा पुरावा नाही. पहिले दोन दिवस जड उचलणं, हंडा-कळशी, वाकून कापूस वेचणं, मोटारसायकलवरचे खड्डे आणि शरीरसंबंध टाळा. घरातली हलकी कामं करा, फिरा, आंघोळ करा. दोन दिवसांनंतर त्रास नसेल तर रोजचं सुरू.

पहिल्या दिवशी ओटीपोटात हलकी कळ किंवा रक्ताचा एखादा डाग दिसू शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं मेडिकलवरून आणून घेऊ नका. सगळ्यांना सरसकट अँटिबायोटिक किंवा गर्भ टिकवायची इंजेक्शनं देण्याचा सिद्ध झालेला फायदा नाही.

चार गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी: अंगावरून पाणी जाणं, लाल रक्त जाणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आणि थंडी वाजणं, थांबून थांबून येणाऱ्या कळा. घाण वासाचा स्राव हीसुद्धा संसर्गाची खूण आहे. १०८ ला फोन करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या दवाखान्यात जा. सुई जिथे टोचली तिथेच, दोनशे किलोमीटर परत जायचा हट्ट धरू नका.

पाणी की लघवी, हा गोंधळ नेहमी होतो. लघवी करून या, पांढरा स्वच्छ कपडा किंवा पॅड लावा आणि अर्धा तास आडवं पडा. उठल्यावर कपडा ओला असेल आणि लघवीचा वास नसेल तर पाणी समजा. तो कपडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. आत कापूस किंवा बोट घालून बघू नका, त्यानं जंतू वर जातात. पाणी झिरपलं म्हणजे गर्भ गेला असं नाही. बहुतेक वेळा विश्रांती, ताप बघणं, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी एवढ्यावर आठवडाभरात ते थांबतं. पण ताप चढेपर्यंत घरी राहिलात, तर बाळाबरोबर आईचाही जीव धोक्यात येतो.

थर्मामीटर घरात आणून ठेवा. पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा. पंधरा दिवसांनी जवळच्या डॉक्टरांकडे एकदा ठोके आणि पाणी तपासून घ्या.

११. अहवाल घेताना

ठरावीक गुणसूत्रांची झटपट तपासणी दोन-तीन दिवसांत ते आठवड्यात येते, सिकलसेलची डीएनए तपासणी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत, पूर्ण गुणसूत्र-तपासणी दोन-तीन आठवड्यांत. कामासाठी बाहेरगावी जाणार असाल तर बंद न पडणारे दोन मोबाइल नंबर द्या, एक आशाताईंचा चालतो, पण निकाल फक्त तुम्हालाच सांगावा असं बजावून.

अहवालात दोन ओळी आधी शोधा. एक, ‘आईच्या पेशींची भेसळ नाही’ ही नोंद. जनुकांच्या तपासणीत ती नसेल तर निकालावर भरवसा ठेवू नका, लॅबला विचारा. दुसरी, नेमकं काय तपासलं ती. ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ तेवढ्यापुरताच असतो. हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, मणक्याचे काही दोष यांसाठी १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी करायचीच आहे. क्वचित पेशी वाढतच नाहीत आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो. तो बाळातला दोष समजू नये.

सिकलसेलच्या अहवालात बाळ ‘वाहक’ आलं तर ते आजारी नाही. आई-बाप जसे आहेत तसंच. या एका शब्दाच्या गैरसमजातून निरोगी गर्भ पाडले जाऊ नयेत, म्हणून अहवाल समुपदेशकासमोर बसूनच वाचा. बाळ आजारी आलं तर पुढचा निर्णय बाईचा. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी कायद्यानं नवऱ्याच्या किंवा सासूच्या सहीची गरज नाही, आणि गर्भ ठेवायचा ठरवला तर त्यासाठीही कुणाची परवानगी लागत नाही. ठेवायचा असेल तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करा, आणि बाळाच्या सिकलसेल उपचाराची नोंद जिल्हा रुग्णालयात आधीच करून ठेवा.

निकाल काहीही असो, जन्मानंतर बाळाची सिकलसेल तपासणी एकदा करून घ्या आणि तो कागद या फाइलमध्येच ठेवा. पुढच्या वेळी दिवस राहिले की हीच फाइल घेऊन पहिल्या दोन महिन्यांतच दवाखाना गाठायचा आहे.